काखेतला पट

बिरेजिक, १ ऑक्टोबर १९७६

अबूझर दादा,

अक्षर ओळखून पाकीट फेकून देऊ नकोस. मी झेलिहा. वक्काससोबत पळून गेले त्या दिवसापासून माझं नाव घ्यायचं नाही असं तू सगळ्यांना बजावलंस, ते हुरी काकूने मला सांगितलंय. तीन वर्षं मी पण गप्प बसले. माझी शाळा तिसरीतच सुटली, तुला माहीतच आहे, तेव्हा चुकलंमाकलं समजून घे.

मला मुलगी झालीय. फिदान. आठ महिन्यांची. पण ते सांगायला नाही लिहीत. मी घाबरलेय दादा.

रविवारी वक्कास मेमिकच्या चहाच्या दुकानातून घरी आला तो हसतच. चपला पण काढल्या नाहीत.

"पाच-शून्य!" म्हणाला. "पाच डाव गं! शेवटचा तर मार्स दिला. त्याची एकसुद्धा सोंगटी बाहेर पडायच्या आत मी माझ्या सगळ्या उचलल्या."

"कोणाला दिलास मार्स?"

"बोझान आगाला."

मी पिठाचे हात तसेच धरून उभी राहिले. "मग?"

"मग काय, रीत ती रीत. पट मिटला, त्याच्या काखेत दिला, म्हटलं, जा आगा, शिकून ये. सगळं दुकान हसलं."

"कुठल्या काखेत दिलास?"

"हा काय प्रश्न झाला? डाव्या. उजव्या हातात चहाचा पेला होता त्याच्या."

दादा, तुला कळलं ना? वक्कासला नाही कळलं. तो निझिपच्या पलीकडचा. आगाचा कोट कायम खांद्यावर टाकलेला असतो, बाह्या लोंबत असतात. वक्कासला वाटलं मोठ्या जमीनदारांची ऐट. त्या कोटाखाली डावा हात नुसता लटकतो, तरुणपणी घोड्यावरून पडल्यापासून, हे इथल्या पाळण्यातल्या पोराला पण माहीत आहे. पण बोलत कोणी नाही. म्हणून त्याला कोणी सांगितलं नाही. मी पण नाही.

पट पडला. उघडला. सोंगट्या खुर्च्यांखाली, शेगडीखाली, दारापर्यंत गेल्या. लोक आधीच्या हसण्यात होते, ते पडल्यावरही क्षणभर हसतच राहिले. मग एकदम थांबले. आगा उठला, खाली वाकला, आणि एका हाताने सोंगट्या गोळा करायला लागला. मेमिक धावला तर म्हणाला, "बस तू." तीसच्या तीस त्याने एकट्याने वेचल्या. वक्कास म्हणतो, मी पण वाकलो होतो, पण त्याने माझ्याकडे बघितलंच नाही.

मग पट उजव्या काखेत घेतला आणि म्हणाला, "मेमिक, पट नेतो. शिकून येतो." आणि तांबटांच्या, खोगीरवाल्यांच्या दुकानांपुढून, भर बाजारातून चालत घरी गेला.

वक्कासला अजून वाटतं, थोडा गोंधळ झाला, मिटेल.

दादा, आपले बाबा आणि बोझान आगा एका पटावर म्हातारे झाले. तुझा शब्द तो मानतो. त्याला एक ओळ लिही. एवढंच लिही, की पोरगा परगावचा आहे, त्याला माहीत नव्हतं. माझ्यासाठी नको. फिदानसाठी लिही.

झेलिहा


बिरेजिक, ९ ऑक्टोबर

दादा,

पत्र तुझ्याकडे पोचायला किती दिवस लागतात मला नीट माहीत नाही. पोस्टमनला विचारते तर तो म्हणतो, जर्मनी काय नदीपलीकडे आहे का बाई.

काही झालं नाही. हेच सांगायला लिहिते, की काही झालं नाही. वक्कास मेमिककडे जातो, बसतो, समोरचा माणूस चहा संपवून उठतो. पट मांडला की कोणाला तरी काम आठवतं. पत्र्याच्या शेगड्या करायचे दिवस आहेत, मागच्या साली या महिन्यात त्याला जेवायला फुरसत नव्हती. आता दोघांच्या शेगड्या तयार आहेत आणि दोघेही म्हणतात, राहू दे तुझ्याकडेच, बघू. थंडीत बघू म्हणतात.

बुधवारी आगाचा माणूस आला. टोपलीभर ताजे पिस्ते, वर द्राक्षाच्या पानांचं झाकण. "आगांनी पाठवलेत, लेकराच्या आईसाठी." मी घेतले. न घेऊन काय करणार?

तो जाईना. "मुलगी ना?" म्हणाला.

"हो."

"किती महिन्यांची?"

"आठ."

"नाव?"

मी सांगितलं. दादा, मी नाव का सांगितलं?

हुरी काकूला दाखवले तर तिने एक पिस्ता हातात घेतला आणि परत टोपलीत ठेवला. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं गं," म्हणाली. "दारात येऊन आईबाप काढले असते तर मी आज शांत झोपले असते. मोठा माणूस गोड बोलायला लागला की पोरी मोजून घरात घ्याव्यात."

मग मी ठरवलं. वक्कासने जाऊन हरायचं. सगळ्यांसमोर पाच-शून्य हरायचं, काखेत पट घेऊन बाजारातून यायचं. दुसरा रस्ता नाही.

तुला हसू येईल, पण हा खेळ वक्कासला मीच शिकवला. लग्न झालं तेव्हा त्याला पट कसा उघडतात ते पण माहीत नव्हतं. बाबा आपल्याला शिकवायचे तसंच शिकवलं. चोवीस घरं. तुझ्या पंधरा, माझ्या पंधरा. सगळ्या फिरवून आपल्या शेवटच्या सहा घरांत आणायच्या, मग एकेक उचलायच्या, ज्याच्या आधी संपल्या तो जिंकला. एका घरात आपल्या दोन बसल्या की ते दार बंद, समोरचा येऊ शकत नाही. एकटीच बसली की दार उघडं, त्याने येऊन मारली की ती पटाबाहेर, पुन्हा पहिल्यापासून प्रवास. तो म्हणाला, एवढंच? म्हटलं, एवढंच, आता तीन वर्षं खेळ. आणि पट काखेत द्यायची रीत पण मीच शिकवली. तो हरला की मी द्यायची, मी हरले की तो. हसायचो. रीत शिकवली, पण ती कोणाशी करायची नाही हे शिकवलं नाही.

आता त्याला हरायला शिकवतेय. चार दिवस झाले. दुपारी जेवायला येतो तेव्हा.

"बायको आहेस का वैरीण?" म्हणतो. "जगात कुठली बायको नवऱ्याला हरायला शिकवते?"

"चाल कर."

तो चाल करतो. मुद्दाम वाईट. भर रस्त्यात सोंगटी उघडी ठेवतो आणि ओठ दाबून माझ्याकडे बघतो.

"तुझं तोंड बघून मांजराला पण कळेल," म्हटलं.

"मग कशी करू? चांगली केली तर जिंकतो, वाईट केली तर कळतं!"

बाबा एकदा बोलले होते ते मी त्याला सांगितलं. बाबा म्हणायचे, वाईट चालीवर कोणी विश्वास ठेवत नाही. हावेवर सगळे ठेवतात. कोणाला डाव सोडायचा असेल, पाहुण्याला, म्हाताऱ्याला, तर मूर्खपणा करू नये, हाव करावी. जिंकत असताना थोडं जास्त जिंकायला जावं. साधा डाव हातात आहे, तर मार्स मागावा, आणि तेवढ्यासाठी एक दार उघडं टाकावं. समोरचा मारतो आणि मनात म्हणतो, बरी जिरली. त्याला कधी कळत नाही.

वक्कासने ऐकलं आणि फासे आपटले. "मी पत्रा ठोकणारा माणूस आहे झेलिहा. मला एकच येतं. समोर आला की ठोकायचं."

तू लिहिलंस का रे दादा?


बिरेजिक, १५ ऑक्टोबर

दादा,

वक्कास काल आगाच्या बागेत गेला होता. मी पाठवलं. धुतलेला सदरा घालून, हात चुंबायला. मी त्याला दारात तीनदा सांगितलं, "माफी माग, डाव माग, बाकी काही बोलू नकोस. तुला विचारलं तर हो म्हण. नाही तर नाही म्हण. गोष्ट सांगू नकोस."

"मी काय लहान आहे?" म्हणाला.

आगाने हात चुंबू दिला. बसवलं. स्वतःच्या हाताने अंजीर सोलून दिलं म्हणे. वक्कास म्हणाला, आगा, माझ्याकडून चूक झाली, एक डाव द्या. आगा म्हणाला, "चूक कसली? रीत आहे ती. मी हरलो होतो." मग म्हणाला, "तू खेळतोस छान. दार बंद करायची तुझी पद्धत मी कुठेतरी बघितलीय. कोणी शिकवलं तुला?"

आणि माझा नवरा काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, "आगा, माझी उस्ताद घरातच आहे."

मला हे सांगताना पण त्याचे डोळे चमकत होते. त्याला वाटलं, त्याने माझी स्तुती केली.

"मग आगा काय म्हणाला?"

"हसला. म्हणाला, तरीच. म्हणाला, चेल्याशी खेळून माणूस काय शिकणार? शिकायचं तर उस्तादाकडेच यायला हवं."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही गं. बोलण्यात बोलणं."

मी तेव्हापासून दाराला कडी लावून बसलेय, दिवसासुद्धा. मिरच्या गच्चीत वाळायला टाकल्यात त्या उलट्या करायला पण वर जात नाही. फिदान रडली की तिच्या तोंडावर हात ठेवते, मग लाज वाटते.

झेलिहा


बिरेजिक, २१ ऑक्टोबर

दादा,

आगा आला होता. मंगळवारी, दुपारच्या बांगेनंतर. वक्कास दुकानात असतो हे बघूनच. उजव्या काखेत तो पट. सोबत कोणी नाही. मी हुरी काकूला हाक मारली, ती येऊन भिंतीशी बसली, म्हणून अंगणात घेतलं. मी चहा ठेवला. अर्धा बशीत सांडला.

आधी तो नुसता फिदानकडे बघत होता. मग म्हणाला, "तुझ्या भावाचं पत्र आलं."

दादा, मला वाटलं सुटले. खरंच वाटलं. म्हटलं, "काय लिहिलंय?"

"एकच ओळ आहे. ती मुलगी आमची राहिली नाही, तुमचं तुम्ही बघा."

मी एक ओळ मागितली होती. तू लिहिलीस.

मग त्याने पट उघडला, सोंगट्या मांडल्या. एका हाताने पण किती भरभर. "एकच डाव," म्हणाला. "तू जिंकलीस तर पट इथे ठेवून जातो, मग मी आणि तुझा नवरा आमचं आम्ही बघतो. तू हरलीस तर विषय मिटला. माझा शब्द. पण पोरी, तुझ्या बापासमोर मी वीस वर्षं बसलोय. मुद्दाम हरलीस तर मला कळेल. मग मात्र मी हे सगळं चेष्टेत घेणार नाही."

हुरी काकू म्हणाली, "आगा, लेकुरवाळी आहे ती."

"दिसतंय मला," तो म्हणाला.

आम्ही खेळलो. फिदान माझ्या मांडीवर. मला आधीपासून फासे चांगले पडले. सहा-पाचचं शेश-बेश पडलं, मग दोन्ही फाशांवर सहा. त्याच्या दोन सोंगट्या माझ्या घरात अडकल्या, मी पुढची दारं एकेक लावत गेले. माझ्या सगळ्या घरी आल्या, मी उचलायला लागले, त्याची अजून एक पण बाहेर नाही. मार्स समोर दिसत होता. मग मला हाव सुटली. जपून खेळायचं सोडून मी एक जास्त उचलली, एक उघडी राहिली. त्याने फासे टाकले, चुकला. मी परत उचलली. परत एक उघडी. या वेळी त्याने फासे टाकायच्या आधी माझ्याकडे बघितलं, खूप वेळ. मी फिदानचं नाक पुसत होते. त्याने टाकले आणि मारली.

मग त्याने दारं लावायला सुरुवात केली. सहाही लावली. माझी एक सोंगटी बाहेर बसून राहिली, फासे टाकायचे आणि जागा नाही, टाकायचे आणि जागा नाही. तोवर तो सगळा फिरून घरी आला आणि एकेक उचलून मोकळा झाला.

"हाव," म्हणाला. "तुझ्या बापाला पण होती."

"होय आगा."

"मार्स हवा होता?"

"होय."

"मला द्यायला?"

"होय आगा. बोझान आगाला मार्स दिला असं आयुष्यभर सांगितलं असतं."

तेव्हा तो हसला. पहिल्यांदाच, खरं हसला. पट मिटला, उठला आणि माझ्या काखेत दिला. "जा," म्हणाला, "शिकून ये. मेमिककडे नेऊन ठेव. आणि मागच्या गल्लीने नाही. बाजारातून."

मी गेले. एका कडेवर फिदान, दुसऱ्या काखेत पट. तुला माहीत आहे तो बाजार. तांबटांचा ठोका थांबला. एका म्हाताऱ्याने मान फिरवून घेतली. वक्कासच्या दुकानापुढून गेले तेव्हा तो शेगडीचं धुराडं जोडत होता. त्याने आधी मला बघितलं, मग पट बघितला. मी थांबले नाही. मेमिकच्या दुकानात बाई जात नाही, उंबऱ्यावर ठेवला आणि आले.

विषय मिटला असं आगा म्हणाला. त्याचा मिटला असेल.

झेलिहा


२७ ऑक्टोबर

दादा,

वर गावाचं नाव लिहिलं नाही, शोधू नकोस.

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. मला हाव सुटली नव्हती. तो डाव माझा होता. दोन्ही वेळा मी ती सोंगटी मोजून उघडी ठेवली. बाबांनी सांगितलं होतं तशी. आगाला कळलं नाही. हुरी काकूला कळलं नाही. तुला सांगितलं नाही, कारण तू लिहितोस.

वक्कासला पण सांगितलं नाही. तिथे माझं चुकलं की बरोबर होतं, मला अजून समजत नाही. त्या मंगळवारपासून तो बोलला नाही. जेवला, झोपला, दुकानात गेला, पण शब्द नाही. तिसऱ्या दिवशी दलियाच्या पोत्यातून त्याच्या मामाचं पिस्तूल काढलं. अंगणात बसून तेलाच्या चिंधीने पुसत होता, फिदान शेजारी रांगत होती.

"काय करतोस?" म्हटलं.

"माझी बायको बाजारातून फिरली," म्हणाला. एवढंच.

"विषय मिटलाय वक्कास. त्याने शब्द दिलाय."

"त्याचा मिटला."

मी काय करू सांग? सांगितलं असतं, की अरे मी हरले नाही, मी सोडला, तर पिस्तूल तिथेच ठेवलं असतं त्याने. मला माहीत आहे तो. नाचला असता. आणि दुपारच्या चहापर्यंत मेमिकच्या दुकानात सगळ्यांना सांगून मोकळा झाला असता. मग आगाला कळलं असतं. न सांगावं तर तो पिस्तुलाने मरणार, सांगावं तर तोंडाने मरणार.

शनिवारी सकाळी त्याने दाढी केली. न्याहारीला हात लावला नाही. फिदानला उचललं, तिचे पाय हुंगले आणि खाली ठेवली.

तेव्हा मी खोटं बोलले. म्हटलं, पोरगी तापलीय, बघ हात लावून, डोळे फिरवतेय, अदानाच्या मोठ्या डॉक्टरकडे न्यायला हवी, आत्ताच्या बसने. तिला मी आधी चुलीपाशी धरून बसले होते, अंग गरम लागलं त्याला. तो घाबरला. पिस्तूल कमरेलाच होतं, तसाच निघाला.

माझे दोन झगे आणि पोरीची दुपटी घेतली. हुरी काकूला पण सांगितलं नाही.

पूल ओलांडला, मी गप्प. निझिप गेलं, गप्प. अँतेपला बस भरली, नवी माणसं चढली, तरी गप्प. डोंगर लागल्यावर म्हटलं आता परत फिरणार नाही. त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळं सांगितलं. कुठली सोंगटी, कुठल्या घरात, का.

तो आधी समजलाच नाही. "म्हणजे तू जिंकत होतीस?"

"हळू बोल."

"जिंकत होतीस? मार्स होता?"

"हळू बोल रे, पाया पडते."

आणि तो हसायला लागला. दादा, पाचव्या दिवशी मोकळं तोंड उघडलं आणि ते असं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. झोपलेली माणसं उठली. ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "काय झालं उस्ताद, आम्हाला पण सांग की!" आणि त्याने सांगितलं. उभा राहून सांगितलं, सीट धरून. आगाचं नाव घेऊन. "माझ्या बायकोने! मांडीवर पोर घेऊन! बोझान आगाला डाव सोडला, आणि त्याला वाटतंय तो जिंकला!" मी त्याचा सदरा ओढत होते. सगळी बस हसली.

मागच्या बाकावर एक माणूस होता, तपकिरी टोपीवाला, आपल्याच गावातून चढलेला. नाव मला माहीत नाही. कोणाचा माणूस ते पण माहीत नाही. तो हसला नाही. पुढे चहाला बस थांबली तेव्हा त्याने चहा घेतला, एक घोट पिऊन पेला ठेवला आणि दुकानदाराला विचारलं, "इथे फोन कुठे आहे?" बस सुटली तेव्हा त्याची जागा रिकामी होती.

वक्कासला सांगितलं तर म्हणतो, असेल बिचाऱ्याचं काही काम. तो खूश आहे. मी शिकवलं तसं फिदानला फासे धरायला शिकवतोय, ती ते तोंडात घालते. मी त्या बसमधून आम्हा तिघांना मधेच उतरवलं, अदाना यायच्या आधीच. इथे कोणी ओळखीचं नाही. दार लागतं, पण आतून कडी नाही, खुर्ची लावून ठेवते.

हे पत्र मी दुसऱ्या गावाच्या डब्यात टाकणार आहे. उत्तर लिहू नकोस, पत्ता देत नाही. तू वाईट नाहीस दादा, मला माहीत आहे. पण तुला कोणी नीट विचारलं, की बहीण कुठे आहे तुमची, तर तू एक ओळ लिहिशील.

झेलिहा